मामाची म्हैस आणि सरकारचे कर्ज

गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारची वंदना झाली. सगळे सतरंजीवर बसून चहा घेत होतो. कुणीतरी सरकारी बँकांच्या विलीनीकरणाचा विषय काढला. त्यावर कुरिअर कंपनीत काम करणारा एक तरुण मला म्हणाला, "काका, सरकारी बँक राहिली काय आणि गेली काय, आपल्याला काय फरक पडतो? ती आम्हाला उभं तरी करते का? आमच्या घरी दर मंगळवारी फायनान्सचा माणूस हप्त्याला येतो. तोच आमची बँक."

मी सरकारी बँकेत सदतीस वर्षे नोकरी केली. लिपिक म्हणून लागलो, हेड कॅशिअर म्हणून निवृत्त झालो. बँकेचे राष्ट्रीयीकरण, रोखे, तूट, व्याजदर यांवर मी युनियनच्या सभांत पुष्कळ भाषणे ऐकली आणि एखाददुसरे स्वतःही ठोकले. पण त्या पोराला त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. घरी आलो. रात्री झोप लागेना. मामाची म्हैस डोळ्यांपुढे येऊन उभी राहिली. ती गोष्ट सांगितल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही, म्हणून हा लेख.

आमचे गाव मराठवाड्यातले. जमीन नावापुरती, तीही मुरमाड. १९७२ च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. वडील आणि आई दोघे सरकारी कामावर खडी फोडायला जात. मी धाकट्या बहिणीला घेऊन कामावरच बसायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. कामाचे पैसे कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी हातात पडत. मधल्या दिवसांत घर चालवायला सावकार होता. शेकडा पाच रुपये महिना व्याज. म्हणजे वर्षाला शंभरावर साठ. हा हिशेब आम्हाला शाळेत कुणी शिकवला नाही, आईने शिकवला. ती निरक्षर होती, पण भिंतीवर कोळशाच्या रेघा मारून तिने व्याजाचा हिशेब ठेवला होता. मुद्दलाच्या रेघा एका बाजूला, व्याजाच्या दुसऱ्या बाजूला. व्याजाची बाजू नेहमी भरलेली असायची.

त्या काळात बँक म्हणजे काय, हे आमच्या गावात कुणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक असायचे कारणही नव्हते. १९६९ साली साऱ्या देशात व्यापारी बँकांच्या सुमारे ८,३०० शाखा होत्या आणि त्यांतल्या खेड्यांतल्या शाखा दोन हजारसुद्धा नव्हत्या. मोठ्या खासगी बँका मोठ्या उद्योगघराण्यांच्या हातात होत्या. लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि आपल्याच कारखान्यांना कर्ज द्यायचे, असा कारभार चाले. १९ जुलै १९६९ रोजी पन्नास कोटींहून अधिक ठेवी असलेल्या चौदा बँका सरकारने ताब्यात घेतल्या. फेब्रुवारी १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला, तेव्हा लगेच नवा वटहुकूम आणि मग नवा कायदा करून सरकारने बँका आपल्याकडेच ठेवल्या. १९८० मध्ये आणखी सहा बँका घेतल्या. त्यामागे इंदिरा गांधींचे पक्षातले राजकारण होते हे खरे. जुन्या पुढाऱ्यांशी त्यांचे भांडण चालले होते आणि 'गरिबांचे सरकार' हे दाखवायचे होते. पण राजकारणातून झालेली गोष्टही कधीकधी गरिबाच्या दारापर्यंत येते. ही तशी आली.

आमच्या तालुक्याला बँकेची शाखा १९७५ च्या सुमारास उघडली. पुढे १९७७ पासून रिझर्व्ह बँकेने नियमच केला की, बँकेला शहरात एक शाखा काढायची असेल तर जिथे एकही बँक नाही अशा चार ठिकाणी आधी शाखा काढावी लागेल. १९९१ पर्यंत देशात शाखांची संख्या साठ हजारांवर गेली. त्यांतल्या पस्तीस हजारांच्या आसपास खेड्यांत होत्या. आणि बँका सरकारी झाल्या म्हणूनच त्यांच्या नोकऱ्यांत राखीव जागा आल्या. खासगी बँकेत आमच्या आडनावाचा माणूस काचेच्या आत बसलेला कुणी पाहिला होता का? मी औरंगाबादला वसतिगृहात राहून शिकलो, बँक भरतीची परीक्षा दिली आणि १९८१ साली नोकरीला लागलो. आईने गावात पेढे वाटले नाहीत, तेवढे पैसे नव्हते. तिने गूळ वाटला. मग ती भिंतीजवळ गेली आणि कोळशाच्या रेघा शेणाने सारवून टाकल्या.

पहिल्या पगारातून मी तिच्या नावाने बँकेत खाते उघडले. शंभर रुपये ठेवले. पासबुक हातात घेऊन तिने विचारले, "लेकरा, माझे शंभर रुपये आता त्या लोखंडी कपाटात ठिवले का?" मी हसलो. पण उत्तर मलाही नीट ठाऊक नव्हते. ते मला आमच्या शाखेतल्या एका जुन्या हेड कॅशिअरने समजावून सांगितले.

ते म्हणाले, तुझ्या आईचे पैसे कपाटात नसतात. ते फिरायला जातात. त्यातला एक हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे राखीव म्हणून ठेवावा लागतो. दुसरा मोठा हिस्सा कायद्याने सरकारी रोख्यांत घालावा लागतो. रोखा म्हणजे सरकारने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. हे प्रमाण पुढे वाढत गेले. १९९० च्या शेवटी शंभर रुपयांच्या ठेवीतले ३८ रुपये ५० पैसे सरकारी व सरकारमान्य रोख्यांत आणि १५ रुपये रिझर्व्ह बँकेत, असा दंडक होता. म्हणजे निम्म्याहून अधिक पैसा. जो उरेल त्यातून कर्जवाटप. त्या कर्जातला ४० टक्के वाटा शेती, लघुउद्योग, दुर्बल घटक अशा अग्रक्रमाच्या क्षेत्राला द्यायचा.

हे ऐकून मी चकित झालो. मला वाटायचे, सरकार माझ्या आईला देते. इथे तर माझी आई सरकारला कर्ज देत होती! खडी फोडणारी बाई सावकार आणि दिल्लीचे सरकार कुळ! आणि व्याज किती? सरकार स्वतःच ठरवी तितके. बाजारभावापेक्षा कमी. बँक सरकारची, बँकेचा सर्वांत मोठा कर्जदारही सरकारच, आणि व्याजाचा दर ठरवणारेही सरकारच.

यात वाईट काय, असे कुणी विचारील. मला त्या वेळी वाईट वाटले नाही, उलट अभिमान वाटला. कारण याच सुमारास मी बाबासाहेबांचे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन वाचले होते. ते त्यांनी १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने तयार केले. त्यात त्यांनी मागणी केली होती की, मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि विमा ही राज्याची मक्तेदारी असावी. प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या कमाईनुसार विमा सक्तीचा करावा. का? त्यांची कारणे दोन. एक, खासगी कंपनीपेक्षा राज्याचा विमा माणसाला अधिक सुरक्षित. दुसरे कारण खरे आपल्या विषयाचे. विम्याचा पैसा राज्याच्या हाती आला की विकासासाठी बाजारातून जबर व्याजाने कर्ज काढण्याची पाळी राज्यावर येणार नाही. सावकाराच्या दारात उभे राहायची लाज काय असते हे ज्याला ठाऊक, त्यालाच असा विचार सुचणार. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. बाबासाहेब तेव्हा हयात होते.

तेव्हा माझ्या मनात गणित सोपे होते. आईचे शंभर रुपये बँकेत, बँकेतून सरकारकडे, सरकारकडून धरण, वीज, शाळा, आणि फिरून आमच्याकडे नोकरी व कर्ज. चाक पूर्ण फिरले. या चाकात खडा कुठे अडकतो, हे मला मामाच्या म्हशीने दाखवले.

माझे मामा भूमिहीन. १९८४ साली एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात त्यांचे नाव आले. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला बँकेच्या कर्जातून आणि सरकारी सबसिडीतून गाय, म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बैलगाडी असे काहीतरी मिळवून देण्याची ती योजना. २ ऑक्टोबर १९८० पासून ती देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाली होती. मामांना म्हैस मंजूर झाली. किंमत ३,६०० रुपये. १,२०० सबसिडी, २,४०० कर्ज.

पैसे मामांच्या हातात पडलेच नाहीत. खरेदी बाजारात, साहेबांच्या समोर, ठरलेल्या दलालाकडून. मामांनी जनावराचे दात बघितले आणि म्हणाले, "साहेब, ही म्हातारी हाय. ही दुसरं वेत पण काढायची न्हाई." साहेब म्हणाले, "मार्चअखेर आहे. घ्यायची तर ही घ्या, नाहीतर नाव कापतो." मार्चअखेर! बँकेत काम केलेल्या प्रत्येक माणसाला या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे. वरून उद्दिष्ट आलेले असते, इतक्या म्हशी वाटा. म्हैस दूध देते का, त्या गावात चारा आहे का, दूध घ्यायला डेअरीची गाडी येते का, हे उद्दिष्टाच्या कागदात नसते.

म्हशीचा विमा होता. कानात बिल्ला ठोकला होता. दीड वर्षाने म्हैस मेली. त्याच्या काही दिवस आधी काटेरी कुंपणात कान फाटून बिल्ला पडला होता. मामांनी पंचनामा केला, डॉक्टरचा दाखला आणला. विम्याच्या माणसाने सांगितले, बिल्ला दाखवा. बिल्ला नाही तर ही तीच म्हैस कशावरून? दावा नामंजूर झाला. म्हैस गेली, दूध गेले, कर्ज तेवढे राहिले. मामा-मामींनी म्हशीची जागा चाळणीने चाळून काढली, पण बिल्ला सापडला नाही.

१९८७ मध्ये माझी बदली नेमकी त्या शाखेत झाली. थकबाकीदारांना नोटिसा काढायचे काम आले. तेव्हा नोटिसा हाताने लिहीत असू. यादीत मामांचे नाव होते. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो, सगळी हकीकत सांगितली. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, "नातं घरी ठेवा. मला वसुलीचा आकडा वर कळवायचा आहे." मी जागेवर येऊन बसलो आणि माझ्या मामांना नोटीस लिहिली. सात दिवसांच्या आत व्याजासह रक्कम भरावी, अन्यथा कायदेशीर कारवाई करण्यात येईल. अक्षर माझेच. मामांनी ते ओळखले असणार, कारण माझी पत्रे त्यांच्याकडेच येत.

त्याच आठवड्यात एका मोठ्या बागायतदाराचे ट्रॅक्टरचे कर्जही थकलेले होते. आकडा मामांच्या कर्जाच्या किती तरी पट. त्यांना नोटीस गेली नाही. ते केबिनमध्ये खुर्चीवर बसले, चहा झाला आणि कर्जाचे हप्ते नव्याने बांधून देण्यात आले. शिपायाने चहा नेला आणि कागद मी टाइप केले.

आठव्या दिवशी मामा आले. माझ्याच काउंटरच्या रांगेत उभे राहिले. मी म्हणालो, "मामा, आत या, बसा." ते हलले नाहीत. नंबर आल्यावर त्यांनी धोतराच्या सोग्यातून नोटा काढून ठेवल्या. मामीच्या गळ्यातली चांदीची सरी आणि हातातले कडे मोडून आणि वर सावकाराकडून थोडे उचलून त्यांनी पैसे आणले होते. मी मोजले. पुन्हा मोजले. दुसऱ्या वेळी मोजायची गरज नव्हती. मामा म्हणाले, "साहेब, पावती द्या."

मला ते 'भाच्या' म्हणायचे. त्या दिवशी 'साहेब' म्हणाले.

बँकेचे कर्ज फेडायला गरीब माणूस सावकाराकडे गेला. बँक आली ती सावकार घालवायला, आणि तिनेच सावकाराला गिऱ्हाईक आणून दिले. दुःख आणखी एका गोष्टीचे. बँकेत १९७२ पासून एक योजना होती. अत्यंत गरिबांना चार टक्के व्याजाने कर्ज. बँकेने आदल्या वर्षीच्या कर्जाच्या एक टक्का रक्कम तीत द्यायची आणि त्यातली किमान ४० टक्के अनुसूचित जाती-जमातींना. तिचे परिपत्रक आमच्या शाखेत फाइलला लावलेले होते. मामांना ते कुणी सांगितले नाही. नोकरीला लागून सहा वर्षे झाली होती, मीही ते वाचले नव्हते. दोष केबिनमधल्या खुर्चीला देताना माझ्या स्टुलालाही थोडा द्यावा लागतो.

पुढे १९९० साली केंद्र सरकारने दहा हजार रुपयांपर्यंतची थकलेली ग्रामीण कर्जे माफ केली. शाखेत याद्या लागल्या. मामी आल्या, म्हणाल्या, "आमचं नाव हाय का बघ." मी सांगितले, "मामी, तुमचं खातं बंद झालंय. तुम्ही कर्ज फेडलंय. थकबाकी असेल त्यालाच माफी आहे." मामी थोडा वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "म्हंजे फेडलं, ह्यो आमचा गुन्हा झाला का?" याचे उत्तर कुठल्याही परिपत्रकात नव्हते. कर्जमाफी गरिबाला नको असे मी म्हणत नाही. अनेक कुटुंबे तिने वाचली. पण दलालाची म्हातारी म्हैस, बिल्ल्याचा विमा आणि मार्चअखेरचे उद्दिष्ट तसेच ठेवून एकदा कर्ज माफ केले, तर पुढच्या वर्षी तेच होणार. आणि माफीचा पैसा तरी कुठून येतो? सरकारच्या तिजोरीतून. तिजोरीत कुठून? पुन्हा कर्ज काढून.

कारण तोवर सरकारचाच हिशेब बिघडला होता. धरणासाठी, कारखान्यासाठी कर्ज काढणे वेगळे. त्यातून पुढे उत्पन्न येते. पण १९७९-८० पासून केंद्राचा रोजचा खर्चही उत्पन्नात भागेना. महसुली तूट दरवर्षी येऊ लागली. म्हणजे बी-बियाण्याला नव्हे, रोजच्या भाकरीला उसने. आणि उसने देणारा हाताशी होताच. एक दार सरकारी बँकांचे, दुसरे रिझर्व्ह बँकेचे. १९५५ पासून अशी व्यवस्था होती की, केंद्राच्या खात्यातली शिल्लक ठरलेल्या आकड्याखाली गेली की सरकारची हंगामी हुंडी आपोआप निघे आणि रिझर्व्ह बँक तिच्यावर पैसा देई. तात्पुरती म्हणून आणलेली ही सोय चाळीसहून अधिक वर्षे चालली. १ एप्रिल १९९७ रोजी ती बंद झाली.

छापलेल्या पैशाची किंमत कोण मोजते? ज्याची मजुरी भावामागे धावते तो. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. तेलाचे जागतिक भाव आणि दुष्काळ ही मोठी कारणे त्यामागे होती, तूट हे एकच नव्हे. पण आई सांगायची ते खरे. खडीचा भाव तोच राहिला, ज्वारीचा पळाला.

बाबासाहेबांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ सालचा. पुष्कळ जण अभिमानाने म्हणतात, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली. इतके ताणून सांगायची गरज नाही. चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. त्या आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये रिझर्व्ह बँक सुरू झाली. एवढे सत्य पुरेसे मोठे आहे. त्या ग्रंथाचे आणि साक्षीचे सार माझ्या अल्पमतीने असे की, चलन किती काढायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नका. रुपयाची किंमत घसरली की व्यापाऱ्याचे फावते आणि मजुरी करणारा मरतो, कारण भाव आधी वाढतात आणि मजुरी मागून रखडत येते.

आता वाचकांना वाटेल, हे दोन बाबासाहेब झाले. १९२३ चे म्हणतात, सरकारच्या हाताला लगाम घाला. १९४७ चे म्हणतात, विमा, उद्योग, शेती सारे राज्याच्या हाती द्या. मलाही अनेक वर्षे तसेच वाटे. मामांनी पावती मागितली त्या दिवसापासून मला त्यातला धागा दिसू लागला. राज्याच्या हाती द्या, पण राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडू नका. म्हणून तर १९४७ च्या निवेदनात त्यांनी ही व्यवस्था राज्यघटनेतच लिहा असे म्हटले. निवडून आलेल्या बहुमताला ती हवी तेव्हा मोडता येऊ नये. आणि म्हणून घटनेच्या कलम २९२ मध्ये केंद्राला कर्ज काढण्याचा अधिकार देताना, त्याची मर्यादा संसदेने कायद्याने ठरवावी अशी तरतूद आहे. संसद ही गोष्ट मनावर घेईल आणि असे कायदे करील, अशी अपेक्षा बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत व्यक्त केली होती. तूट आणि कर्ज यांना आवर घालणारा वित्तीय जबाबदारीचा कायदा संसदेने केला तो २००३ साली. चौपन्न वर्षांनी. आणि त्यातल्या मर्यादाही नंतर अनेकदा पुढे ढकलल्या गेल्या.

त्याआधी १९९१ उजाडले. परकीय चलन संपत आले. मे महिन्यात २० टन सोने परदेशात विकण्यात आले आणि जुलैत सुमारे ४७ टन सोने इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवले गेले. पुढे ते कर्ज फिटले. पण ही बातमी रेडिओवर आली तेव्हा मामी म्हणाल्या, "सरकारनं बी सरी मोडली म्हण की." मामा बऱ्याच दिवसांनी हसले.

त्यानंतर वारे फिरले. सरकारी म्हणजे तोट्याचे, गरिबाला दिलेले कर्ज म्हणजे बुडीत, असे बोलले जाऊ लागले. १९९१ च्या नरसिंहम समितीने अग्रक्रमाच्या क्षेत्राचा वाटा ४० वरून १० टक्क्यांवर आणा असे सुचवले. सरकारने ते मानले नाही, हे बरे झाले. चार ग्रामीण शाखांची अट मात्र १९९० मध्येच गेली होती. रोख्यांचे प्रमाण उतरत उतरत १८ टक्क्यांवर आले. बँकेला पैसा मोकळा झाला. तो मामांकडे गेला का? मोठ्या उद्योगांकडे गेला, आणि त्यातला बराच बुडाला. मार्च २०२२ पर्यंतच्या पाच वर्षांत देशातल्या बँकांनी दहा लाख कोटी रुपयांहून अधिक थकीत कर्जे खात्यातून काढून टाकली, असे सरकारनेच संसदेत सांगितले. याला राइट-ऑफ म्हणतात. हे म्हणजे माफी नव्हे, वसुली चालू ठेवता येते, असा खुलासा केला जातो. तो नियमाला धरून आहे, मी स्वतः अशा नोंदी केल्या आहेत. पण वसूल होते ते थोडे. मामांच्या २,४०० रुपयांसाठी असा शब्द बँकेला त्या वेळी सुचला नव्हता.

खड्डा भरायला ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांना २ लाख ११ हजार कोटींचे भांडवल जाहीर झाले. त्यातले १ लाख ३५ हजार कोटी रोख्यांतून. गंमत बघा. बँकेने ठेवीदारांच्या पैशातून सरकारचे रोखे घेतले, आणि सरकारने तोच पैसा भांडवल म्हणून बँकेला दिला. या खिशातून त्या खिशात. पण त्या रोख्यांवरचे व्याज दरवर्षी तिजोरीतून जाते. आणि तिजोरीत साबणाच्या वडीवरचा करही जमा होतो. केंद्राच्या २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात खर्चाच्या रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजाचे आहेत. त्यातले काही फिरून आपल्याच भविष्यनिर्वाह निधीत आणि विम्यात येतात, हे विसरू नये. देशातले कर्ज म्हणजे एका घरातली देवघेव. प्रश्न एवढाच की, कुणाच्या ताटातून निघते आणि कुणाच्या ताटात पडते.

सरकारी बँका २०१७ मध्ये २७ होत्या, १ एप्रिल २०२० पासून बारा राहिल्या. मी ज्या काउंटरवर मामांचे पैसे मोजले ती शाखा शेजारच्या शाखेत मिसळली. मामा-मामी दोघेही आता नाहीत. आणि त्या वस्तीत दर मंगळवारी फायनान्सचा माणूस येतो. बायकांचा गट गोल बसतो, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. व्याज विचारले तर कुणाला सांगता येत नाही. माझ्या आईला ते सांगता येत होते.

तर बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर. फरक पडतो. खासगी सावकाराला आपण जाब विचारू शकत नव्हतो, फक्त हात जोडू शकत होतो. सरकारी बँकेला जाब विचारता येतो. आपण तो विचारला नाही, हा आपला दोष. बँक सरकारी झाली म्हणजे ती आपली झाली असे आम्ही धरून चाललो. मालक बदलला, पण हिशेब मागणारा तयार झाला नाही. तिजोरी लोकांची, चाव्या थोड्यांच्या कमरेला. मग एकाने म्हशी वाटल्या आणि दुसऱ्याने हजारो कोटी.

म्हणून माझे माताभगिनींना आणि तरुणांना सांगणे मोठे नाही. गटाच्या कर्जावर सही करण्याआधी वर्षाचे व्याज शेकडा किती ते लिहून मागा. बँकेने कर्ज नाकारले तर नकाराचे कारण लेखी मागा. शाखेत अर्ज द्या, त्याची पोच घ्या. चार टक्क्यांची योजना, महामंडळाची बीजभांडवल योजना, यांची माहिती विहारात महिन्यातून एकदा वाचा. बँकेत नोकरीला लागलेल्या आपल्या मुलामुलींनी परिपत्रके फाइलला लावण्याआधी स्वतः वाचावीत आणि वस्तीत सांगावीत. मी ते केले नाही. आता निवृत्तीनंतर करतो आहे.

गेल्या महिन्यापासून रविवारी वंदनेनंतर मी विहारात एक पाटी घेऊन बसतो. ज्यांना आपल्या कर्जाचा हिशेब समजून घ्यायचा, त्यांनी कार्ड घेऊन यावे. पहिल्या रविवारी कुणी आले नाही. दुसऱ्या रविवारी त्या तरुणाची बायको आली. हप्त्याचे कार्ड पुढे ठेवून म्हणाली, "काका, यातलं मुद्दल कुठलं आन व्याज कुठलं, ते दाखवा."

मी पाटीवर मधोमध एक रेघ ओढली. मुद्दल एका बाजूला, व्याज दुसऱ्या बाजूला.